आजचे गाणे कोणते?

सकाळी उठल्यापासून मनुष्य लहानमोठ्या अनेक गोष्टींची निवड करीत असतो. कोणता सदरा घालावयाचा, डब्यात कोणती भाजी न्यावयाची, कोणत्या विषयाचा अभ्यास आधी उरकावयाचा, ह्यांचा विचार मुलेही करतात. आज कोणते गाणे म्हणावयाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. गाणे शेजारच्या घरातून ऐकू येते, बसमध्ये चालू असते, भ्रमणध्वनीवर एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते. जी वस्तू न मागता मिळते, तिची पारख कोण करीत बसतो? परंतु गाणे हे सदऱ्याहून अधिक जवळचे आहे. सदरा रात्री उतरून ठेवता येतो. सकाळी मनात शिरलेली चाल कित्येकदा झोपेपर्यंत तेथून हलत नाही. म्हणून रोज एक गाणे आपण होऊन निवडावे, आणि ते त्या दिवशीच्या मनाकडे पाहून निवडावे, ही सूचना प्रथम थोडी विचित्र वाटली तरी विचार करण्याजोगी आहे.

महाराष्ट्राला ही रीत अगदीच अपरिचित नाही. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचण्यापूर्वी घरोघरी पहाटे जाते फिरत असे. तांबडे फुटण्याच्या आधी स्त्रिया उठत, जात्याच्या तोंडात जोंधळ्याचा किंवा बाजरीचा घास टाकीत, खुंटा धरीत आणि दळता दळता ओव्या गात. कधी एकटीच दळी, कधी सासू-सून किंवा दोघी जावा समोरासमोर बसत. ओवीची ओळ आणि जात्याचा फेरा ह्यांचा मेळ असा बसलेला असे की, कष्ट कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले हे सांगणे कठीण जावे. पहिल्या ओव्या बहुधा देवाच्या असत. त्यानंतर मात्र दळणारी आपल्या मनाची वाट धरी. माहेराहून निरोप आला असेल तर भावाची ओवी निघे. लेक सासरी गेली असेल तर लेकीची निघे. घरात कोणी टाकून बोलले असेल, तर जे तोंडावर बोलता येत नव्हते ते जात्याला सांगितले जाई.

ह्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळच्या स्त्रीच्या आयुष्यातील बहुतेक निवडी इतरांनी केलेल्या असत. लग्न कोणाशी, शाळेत जावयाचे की नाही, माहेरी कधी जावयाचे, घरात काय शिजवावयाचे, ह्यांतील फारच थोडे तिच्या हाती होते. पहाटेची ओवी मात्र सर्वस्वी तिची होती. आज कोणती ओवी गावयाची हे तिला सासरा सांगत नसे, नवरा सांगत नसे. गाणे ही चैनीची वस्तू आहे, रिकामपणी सुचणारा छंद आहे, असे म्हणणाऱ्यांनी ह्या स्त्रियांचा थोडा विचार करावा. त्यांच्याइतके रिकामपण ज्यांच्या वाट्याला कमी आले असे लोक शोधावे लागतील. आणि तरीही हेमा राईरकर व गी पॉयट्विन ह्या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून ज्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे.

पुरुषांच्या कामालाही गाण्याची सोबत होती. बैल धावेवरून उतरू लागले की मोट हाकणारा सूर लावी. पीक कापताना भलरी म्हटली जाई, आणि मागे पडलेला गडी त्या तालाबरोबर पुढच्यांना गाठी. येथे गाणे कामाने ठरविलेले असे, एकट्याने नव्हे. ह्याच पद्धतीचे सर्वांत नेटके रूप पंढरीच्या वारीत दिसते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट दिंड्या पायी चालतात, आणि त्या वाटेवर गाणे कधीही मनाला येईल तसे म्हटले जात नाही. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, पुढे गौळणी, सायंकाळी हरिपाठ, असा क्रम लावून दिलेला आहे. शिवाय ‘वाराचे अभंग’ म्हणून एक प्रकार आहे. त्यात सोमवारचे अभंग वेगळे, मंगळवारचे वेगळे. रोजचे गाणे ठरविण्याची कल्पना ह्याहून स्पष्ट ती काय असावयाची! पुण्याहून सासवडकडे जाताना दिवेघाटाची चढण लागते. तेथे पाय दुखत असलेल्या म्हाताऱ्याला ‘आता कोणते गाणे म्हणू?’ असा विचार करण्याचे बळ कोठून राहणार? टाळ वाजत असतो, शेजारचा म्हणत असतो, आणि त्याच्याही मुखातून शब्द निघू लागतात. कित्येकदा मन इतके थकलेले असते की निवडीचे ओझे इतरांनी उचलले तर बरेच होते. ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

शास्त्रीय संगीताने दिवसाच्या प्रहरांनुसार रागांची वाटणी केली. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ ह्या आपल्या मराठी ग्रंथात रागांच्या वेळांचा विचार केला आहे. पहाटे भैरव, दुपारी सारंग, दिवेलागणीनंतर यमन, रात्र चढल्यावर मालकंस, ही वाटणी गवई आजही मानतात. ती रम्य आहे ह्यात शंका नाही. परंतु दक्षिणेकडील कर्नाटक संगीताच्या मैफलीत वेळेचे हे बंधन फारसे पाळले जात नाही, आणि तेथील श्रोत्यांच्या आनंदात त्यामुळे काही उणे पडत नाही. शिवाय घड्याळ सर्वांचे एक असले तरी मने एक नसतात. एकाच पहाटे एक मुलगा सहलीला जाण्यासाठी उड्या मारीत उठतो, आणि त्याच आळीतील दुसरा, आज निकाल लागणार म्हणून पांघरुणातून डोके बाहेर काढीत नाही. दोघांना एकच भूपाळी कशी पुरावी?

मग आकाशवाणी आली, आणि गाणे निवडण्याचे काम केंद्रावरील मंडळींकडे गेले. त्यातून काही फार मोठ्या गोष्टी घडल्या. १९५५ सालच्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’तील पहिले गीत ऐकू आले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके ह्यांचे संगीत असलेली छप्पन गीते दर आठवड्याला एक ह्या क्रमाने प्रसारित झाली. नवे गीत आठवड्यातून एकच मिळे. ते लक्ष देऊन ऐकावे लागे, आणि पुढचे येईपर्यंत मनात घोळवावे लागे. आज एका तासात वीस गाणी ऐकणाऱ्याला ह्या वाट पाहण्याची गोडी समजावून सांगणे अवघड आहे. मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’ हा कार्यक्रम तर श्रोत्यांच्या पत्रांवरच चाले. आवडते गाणे ऐकण्यासाठी कार्ड आणावयाचे, त्यावर सुवाच्य अक्षरात गाण्याचे नाव लिहावयाचे, पेटीत टाकावयाचे आणि मग रोज कान देऊन बसावयाचे! एवढा खटाटोप करावयाचा म्हटले की मनुष्य कोणतेही गाणे मागत नाही; मनापासून हवे असेल तेच मागतो.

आता तो खटाटोप उरलेला नाही. भ्रमणध्वनीतील यंत्रणा ऐकणाऱ्याने कोणते गाणे शेवटपर्यंत ऐकले, कोणते मध्येच सोडले, ह्याची नोंद ठेवते. त्याच्यासारखीच आवड असलेल्या इतर लोकांनी काय ऐकले तेही पाहते. आणि त्यावरून पुढचे गाणे समोर ठेवते. तिचे उपकार मानलेच पाहिजेत. जी गाणी ऐकण्यासाठी पूर्वी दूरच्या शहरात जावे लागले असते, ती खेड्यातील मुलाला घरबसल्या ऐकावयास मिळतात. पण ह्या यंत्रणेला कालचे ठाऊक असते, आजचे नसते. काल रात्री मित्राशी भांडण झाले, आज पहाटे गोठ्यातील वासरू दगावले, हे तिला कोण सांगणार? काल जे रुचले तेच ती आज पुन्हा वाढते. रोज गोडच वाढणाऱ्या पंगतीत बसणाऱ्याची जीभ जशी हळूहळू बोथट होते, तशीच अशा श्रोत्याच्या मनाची गत होण्याची भीती असते. त्याला गाणी पुष्कळ येतात. आपल्याला आज नेमके काय वाटते आहे, एवढे मात्र सांगता येत नाही. गाणे निवडण्यासाठी आधी आपल्या मनाची विचारपूस करावी लागते, आणि गाण्याच्या आनंदाइतकेच ह्या विचारपुशीलाही मोल आहे.

मन उदास असेल तर काय करावे? पुष्कळ वडीलधारी माणसे सांगतात की, एखादे उत्साहाचे, चालण्याच्या तालाचे गाणे लावावे, म्हणजे उदासी पळून जाईल. हा सल्ला प्रेमाचा असला तरी शहाणपणाचा नाही. तापाने फणफणलेल्या माणसापुढे पुरणपोळीचे ताट ठेवण्यासारखेच ते आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. आयरा आल्टशुलर ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात रुग्णांच्या उपचारात संगीताचा उपयोग केला. रुग्णाच्या मनाची जी अवस्था असेल तिच्याशी जुळणारे संगीत प्रथम ऐकवावे, आणि मग पायरीपायरीने ते बदलीत न्यावे, असा नियम त्यांनी मांडला. संगीतोपचार करणारे लोक आजही तो मानतात. हा नियम आपल्याकडील आयांना कोणी शिकविला नव्हता, तरी त्या तो पाळतच होत्या. मूल आकांत करून रडत असते तेव्हा आई पहिल्याच क्षणी संथ पाळणा गात नाही. ती त्याला खांद्यावर घेऊन भराभर थोपटते, त्याच्या रडण्याच्या वेगाने हलविते, आणि ते थोडे निवले की मग थोपटणे सावकाश होते, सूर खाली येतो.

तेव्हा दुःखी मुलाने खुशाल आधी दुःखाचे गाणे म्हणावे. मात्र दिवसभर त्याच एका गाण्याला चिकटून राहू नये. जे गाणे मनाला हळूच एक पायरी वर चढवील ते त्याच्या मागोमाग यावे. परीक्षेच्या भीतीने हातपाय गार पडले असतील तर युद्धाचा पोवाडा उपयोगी पडेलच असे नाही. एखादी संथ, पाठ असलेली प्रार्थना श्वास ताळ्यावर आणील. धावण्याच्या शर्यतीला निघालेल्या मुलीला मात्र पोवाड्याचा डफच हवा. पुस्तक वाचावयास बसल्यावर शब्दांचे गाणे मुळीच लावू नये. दोन गुरुजी एकाच वर्गात एकाच वेळी शिकवू लागले तर जे होईल तेच तेथे होते. आणि काही दिवस असे असतात की त्यांना कोणतेच गाणे शोभत नाही. शेजारच्या घरी कोणी गेले असेल त्या दिवशी गप्प राहणे, हीही एक निवडच आहे.

निवड करावयाची तर जवळ साठा हवा. ज्याच्या दुकानात एकच कापड आहे त्याने गिऱ्हाईकाला काय दाखवावे? ज्या मुलाला चारच गाणी येतात, आणि तीही चारी एकाच तऱ्हेची, त्याला मनाच्या नाना अवस्थांना पुरेल असे काही सापडत नाही. म्हणून गाणी ऐकून सोडून देण्यापेक्षा पाठ करावी. पाठ केलेले गाणे वीज गेली तरी जवळ असते, रानात असते, रुग्णालयाच्या बाकावरही असते. गळा गोड नसल्याची सबब येथे चालणार नाही. मोट हाकणाऱ्याचा गळा कोणी तपासला होता? एक साधी वही करावी, तीत पाठ झालेली गाणी लिहावीत, आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या दिवशी उपयोगी पडले ह्याची नोंद करावी. वर्षाअखेर ती वही म्हणजे त्या मुलाच्या मनाची रोजनिशीच होईल, आणि तिच्यात हवामानखात्याच्या नोंदींपेक्षा अधिक पाऊस-ऊन सापडेल.

गाणी मिळण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत. शाळेतील संगीताचे शिक्षक आहेत; वर्गात दुसरी भाषा बोलणारी मुले असतात, त्यांच्या घरची गाणी वेगळी असतात; एकादशीला देवळात भजन असते. पण सर्वांत जुना साठा कित्येक घरांत माजघराच्या कोपऱ्यात बसलेला असतो, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लहानपणी जात्यावर दळलेल्या आजीबाई अजून पुष्कळ गावांत आहेत. त्यांना ओवी म्हणावयास सांगितले तर त्या प्रथम हात झटकतात. आता काही आठवत नाही, गिरणी आली तेव्हाच सगळे संपले, असे म्हणतात. अशा वेळी आग्रह करीत बसू नये. अडगळीतले जाते काढून पुसावे, दोन मुठी बाजरी आणून जवळ ठेवावी आणि खुंटा त्यांच्या हाती द्यावा. दोन-चार फेरे नुसतेच होतात. मग ओठ हलू लागतात.