आधी वायर मोजा, मग मॉड्यूल बदला

यू०१००. स्कॅनरच्या पडद्यावर हा कोड उमटला, की कितीतरी गॅरेजांत निकाल तिथल्या तिथे लागतो: ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक गेला, नवा टाका. पुष्कळदा हा निकाल घाईचा ठरतो आणि त्या घाईचे हजारो रुपये गाडीमालकाच्या खिशातून जातात.

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीसारख्या ठिकाणी हे आणखी महाग पडते. हजिऱ्याहून पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ या तालुक्यातून जातो, कोहमाऱ्याहून गोंदियाचा फाटा फुटतो. रस्त्यावर गाड्यांची रीघ असते, पण एखादी गाडी इथे मुकी झाली तर तिला टोचन करून गोंदियाला न्यायचे किंवा सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपूरला. तिथे गेल्यावर दोष एखाद्या हिरव्या पडलेल्या अर्थच्या जोडात निघाला, तर टोचनचे पैसे केवळ तपासायला जवळ कोणी नव्हते म्हणून गेलेले असतात.

मुळात हा कोड सांगतो काय? इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर या प्रत्येकाचा आता स्वतःचा छोटा संगणक आहे आणि ते पिळलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. ही कॅन नावाची पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ पासून विकसित केली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला जगापुढे मांडली. यू०१०० म्हणजे 'इंजिनाच्या मॉड्यूलचा आवाज येईना' अशी दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने नोंदवलेली तक्रार. तक्रार करणारा एक आणि गप्प बसलेला दुसरा. तो गप्प का आहे, हे कोडला ठाऊक नसते. वीज मिळत नसेल, अर्थ तुटला असेल, वायर कापली गेली असेल. आणि हो, कधी मॉड्यूलही जळलेला असेल.

यातले नेमके काय, हे शोधायला साधा मल्टिमीटर लागतो. बॅटरीची वायर काढायची आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा व चौदा नंबरच्या पिनांमधला रोध मोजायचा. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे सलग लाइनवर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाशी असलेला संबंध तुटलेला आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मग एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जायचे आणि कुठला काढल्यावर आकडा सुधारतो ते पाहायचे. ६० आले तर लाइनचा हा भाग ठीक धरून मॉड्यूलला १२ व्होल्ट आणि पक्का अर्थ पोहोचतो का, हे पाहायचे. काही नव्या गाड्यांत मध्ये गेटवे मॉड्यूल बसवलेला असतो आणि सॉकेटवरून सगळे जाळे दिसत नाही. तिथे वायरिंगच्या नकाशावाचून पुढे जाता येत नाही.

त्याही आधी बॅटरी पाहावी. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळले, तर निरोगी मॉड्यूलही बंद पडतात आणि पडदा अशा कोडांनी भरून जातो. धानाच्या पट्ट्यात उंदीर हे दुसरे कारण. उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये ऊब असते आणि वायरीचे आवरण कुरतडायला सोपे. होंडाने तर अमेरिकेत यासाठी वायरींवर गुंडाळायची तिखट टेप विकायला काढली. तिसरे कारण पाऊस: कपलरमध्ये ओल शिरते, पिना गंजतात, आणि दोष येतो-जातो. असा येता-जाता दोष पकडायला वायरिंग हाताने हलवत मीटरवर नजर ठेवावी लागते. हे तासा-दोन तासांचे चिवट काम आहे. त्याचे पैसे द्यायला ग्राहक कुरकुरतो आणि बदललेल्या सुट्या भागाचे निमूट देतो. ही सवय मोडायलाच हवी, कारण तीच मिस्त्रीला तपासण्यापेक्षा बदलण्याकडे ढकलते. शिवाय नवा ईसीएम नुसता बसवून भागत नाही. तो गाडीच्या किल्लीशी जुळवून द्यावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर बहुधा कंपनीकडेच असते.

खरा प्रश्न इथे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने न दिल्याबद्दल. ती त्यांना मिळावीत, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. तरीही तालुक्याच्या मिस्त्रीला हव्या त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मराठीत, परवडेल अशा दरात मिळणे आजही दुर्मीळ आहे.

कंपन्या सुरक्षेचे कारण देतात. ते खोटे नाही: २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि १४ लाख वाहने परत बोलवावी लागली. सॉफ्टवेअरला कुलूप असावे. पण कुठली वायर कुठे जाते, कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत, ही माहिती कुलपाआड ठेवून कोणाची सुरक्षा होते?

एप्रिल २०१९ पासून कारला एबीएस सक्तीचे झाले, एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ हे मानक लागू झाले. अशा जास्त मॉड्यूलच्या गाड्या आता जुन्या बाजारात उतरून गावोगाव पोहोचत आहेत. जिल्ह्यातल्या आयटीआयांनी उमेदवारांबरोबरच चालत्या गॅरेजांतल्या मिस्त्रींसाठीही मल्टिमीटर आणि कॅनचा छोटा वर्ग घ्यावा, संध्याकाळचा, त्यांचा रोज न बुडवणारा. आणि मॉड्यूल बदलण्याचे बिल हाती आले, की गाडीमालकाने त्यावर तीन आकडे लिहून मागावेत: बॅटरीचे व्होल्ट, मॉड्यूलपाशी पोहोचलेले व्होल्ट आणि सहा-चौदामधले ओहम.