खरा विजय

खेळात रमलेल्या मुलाचा विद्याभ्यास बुडतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र वाचले म्हणजे तो किती लटका आहे, हे कळून येते.

नागा टेकड्यांतील चांगकी गावी १९१८ साली त्यांचा जन्म झाला. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, अशी धर्मोपदेशक पित्याची इच्छा होती. कलकत्त्यास वैद्यकाचा अभ्यास करीत असतानाच ते मोहन बागान संघातून फुटबॉल खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय संघाचे कर्णधार होते. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सने तो सामना २-१ असा जिंकला, परंतु आपला संघ अखेरपर्यंत झुंजला.

१९५० साली वैद्यकाची पदवी मिळाल्यावर आओ यांनी कलकत्त्यातील कीर्तीचा मोह सोडला आणि नंतर ते कोहिमाला गेले. तेथे त्यांनी रुग्णसेवेस वाहून घेतले आणि पुढे ते नागालँडचे आरोग्य संचालक झाले.

मैदान आणि ग्रंथ यांत मुळीच वैर नाही. उणीव असते ती निश्चयाची. टाळ्यांचा कडकडाट क्षणात विरतो. पित्याला दिलेला शब्द आणि आपल्या माणसांचे ऋण मात्र जन्मभर फेडावे लागते. ते ज्याने फेडले, तोच खरा विजयी होय.