माळ्यावरच्या शेपर्डबाई

दिवाळीची झाडझूड निघाली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा, दुसरा ठेवणाऱ्यांचा. पहिल्या पक्षात सौ. एकट्याच असतात आणि ठराव नेहमी त्यांचाच पास होतो. गेल्या वर्षी माळ्यावरून जी रास उतरली, तीत एक जुना संगणक होता. धुळीने असा माखलेला की ट्रंकच वाटावी. भंगारवाला दारात उभा, काटा तयार, आणि तेवढ्यात दिवाळीला माहेरी आलेली आमची पस्तिशीची कन्या आतून धावत आली.

"बाबा, तो देऊ नका हं. त्यात माझी शेपर्ड आहे!"

शेपर्ड म्हणजे मेंढपाळ, इतपत इंग्रजी आम्हांला येते. तो संगणकात काय करतो हे मात्र कळेना. भंगारवाल्यालाही कळले नसावे. त्याने काटा खाली ठेवला आणि प्यायला पाणी मागितले.

मग आमची शिकवणी झाली, तिचा सारांश असा. कॅनडातल्या एडमंटन शहरी बायोवेअर नावाची खेळ तयार करणारी कंपनी आहे. तिने २००७ साली 'मास इफेक्ट' नावाचा खेळ काढला. संगणकावर तो पुढच्या वर्षी आला. काळ बाविसाव्या शतकाचा. आकाशगंगेत नाना जातीजमातींची वस्ती आहे आणि त्या पंगतीत माणूस अगदी नवखा पाहुणा. दर पन्नास हजार वर्षांनी काळोखातून यंत्रदैत्य येतात आणि सगळ्या सुधारलेल्या वस्त्या पुसून टाकतात. त्यांना थोपवायचे काम कमांडर शेपर्डचे. शेपर्ड पुरुष की बाई हे खेळणाराने ठरवायचे. आमच्या कन्येने बाई केली, हे सांगायला नकोच.

खरी मौज पुढेच आहे. खेळात जागोजागी निर्णय घ्यावे लागतात, आणि ते सारे एका फाईलीत नोंदले जातात. २०१० साली दुसरा भाग आला, २०१२ साली तिसरा. प्रत्येक भागाने आधीची फाईल उघडायची आणि तिथून पुढे निघायचे. पहिल्या भागात तुम्ही ज्याला मरू दिलेत, तो तिसऱ्यात तुम्हांला भेटणार नाही. आपल्याकडे पाडव्याला नवी चोपडी घालताना पहिल्या ओळीत 'मागील पानावरून पुढे' लिहितात ना, तसेच. कन्येची ती चोपडी या संगणकात होती.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. भाऊबीजेला आमचा भाचा आला आणि माळ्यावरची ती वस्तू दिवाणखान्यात पाहताच ओवाळणीचे ताट बाजूला राहून वाद सुरू झाला. दोघेही या खेळाचे भक्त, पण पंथ वेगळे. कन्या पहिल्या भागाची, भाचा दुसऱ्याचा.

पहिले भांडण बंदुकीचे. पहिल्या भागातल्या बंदुकीला गोळ्यांची ददात नाही. आत धातूचा ठोकळा असतो. त्यातून वाळूच्या कणाएवढा कपचा सुटतो आणि भयंकर वेगाने जातो. ठोकळा काही संपत नाही, फक्त बंदूक तापते. घोडा फार वेळ दाबून धरलात तर ती क्षणभर रुसते, निवते, आणि पुन्हा कामाला लागते. दुसऱ्या भागात यांनी 'थर्मल क्लिप' आणली. तिने उष्णता शोषून घ्यायची, भरली की फेकून द्यायची आणि नवी घालायची. क्लिपा संपल्या की बंदूक म्हणजे नुसती काठी.

"अरे, पण दोन वर्षांपूर्वी आपोआप निवणारी बंदूक निवायचं कसं विसरली?" कन्या कडाडली.

"विसरली तर विसरली," भाचा म्हणाला. "पहिल्या भागात आपण एका खांबाआड बसून पंखा लावल्यासारखे गोळ्या झाडत होतो. दुसऱ्यात क्लिपा उचलायला पळावं लागतं, बंदूक बदलावी लागते. लढाईला लढाईची चव आली."

त्यावर कन्येने ठेवणीतला हुकमाचा पत्ता काढला. दुसऱ्या भागात जेकब नावाचा सोबती आहे. त्याचे वडील ज्या जहाजावर होते ते दहा वर्षांपूर्वी एका दूरच्या ग्रहावर आपटलेले. तेव्हापासून बाहेरच्या जगाची वार्ता नाही. आपण तिथे जातो तो त्या जागी चक्क या नव्या तऱ्हेच्या क्लिपा पडलेल्या! त्या आल्या कुठून?

"टपालाने मागवल्या असतील," सौ. करंज्यांचा डबा ठेवत म्हणाल्या. वादातला तेवढाच प्रश्न निकालात निघाला.

भाच्यानेच प्रांजळपणे सांगितले की २०१३ साली तिसऱ्या भागाला 'सिटाडेल' नावाची पुरवणी आली, तीत पहिल्या भागातली ती निवणारी बंदूक पुन्हा दिली गेली. आजोबांची छडी नातवाच्या हाती द्यावी तशी.

मग माको. हे सहा चाकांचे गाडे. पहिल्या भागात ओसाड ग्रहांवर ते घेऊन हिंडायचे. ते डोंगरावर चढायचे बेडकासारखे आणि उतरायचे भोपळ्यासारखे. जगभरच्या खेळणारांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. दुसऱ्या भागात माको गेला. त्याच्या जागी काय, तर ग्रहाचा गोल समोर ठेवून त्यावर हळूहळू दुर्बीण फिरवत खनिजे हुडकायची. तांदळातले खडे वेचण्याचा हा उद्योग पाहिल्यावर ज्यांनी माकोला शिव्या दिल्या, तेच त्याच्या आठवणीने उसासे टाकू लागले. लिफ्टचीही तीच कथा. पहिल्या भागातली लिफ्ट इतकी मंद की वर जाईतो चहा व्हावा. पुढली जागा यंत्रात भरली जाईपर्यंत वेळ काढायची ती युक्ती होती. पण त्या वेळात सोबती एकमेकांशी बोलत, टोमणे मारत, बातम्या ऐकू येत. दुसऱ्या भागात लिफ्टचा प्रवास जाऊन नुसते चित्र दिसू लागले आणि त्या गप्पाही गेल्या.

"त्या उजाड ग्रहावर मी माको थांबवायचे," कन्या म्हणाली, "आणि नुसतं आकाशाकडे बघत बसायचे."

आम्हांला दोघांचेही पटले. लोकांनी जोडा चावतो म्हणून सांगितले, तर यांनी तो सैल करायचा सोडून जोडाच काढून नेला. २०२१ साली तिन्ही भाग नव्याने सजवून काढले तेव्हा हे उमगलेले दिसते. माकोला वळण लावले, आणि ज्यांना तो पूर्वीसारखाच उनाड हवा त्यांना तीही सोय ठेवली.

इथवर सारे हसण्यावारी चालले होते. तिसऱ्या भागाचा शेवट निघाला तेव्हा मात्र दोघेही गप्प झाले. भांडण संपले, कारण इथे पंथ एकच होता.

२०१२ च्या मार्चमध्ये तो आला. खेळ निघण्यापूर्वी दिग्दर्शक केसी हडसन यांनी सांगितले होते की अमक्याला पहिला शेवट मिळाला, तमक्याला दुसरा, अशा ठोकळेबाज तऱ्हेचा हा शेवट नसेल. प्रत्यक्षात लाल, निळा आणि हिरवा अशा तीन रंगांचे तीन मार्ग समोर आले आणि पुढली दृश्ये जवळपास सारखी. पाच वर्षे राखलेल्या चोपडीतले कितीतरी निर्णय सैन्यबळाच्या एका आकड्यात जमा झाले होते.

जगभर गिल्ला झाला, पण रागाची तऱ्हा बघा. खेळणारांनी वर्गणी काढली आणि इस्पितळातल्या मुलांना खेळणी देणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेला ८० हजार डॉलरांहून अधिक रक्कम दिली. आणखी काहींनी बायोवेअरच्या कचेरीत चारशे छोटे केक धाडले. वरचे लोणी लाल, निळे, हिरवे, आणि आत चव एकच! कंपनीने ते गावातल्या निराधार तरुणांच्या आश्रयगृहाला देऊन टाकले. निषेध करावा तर असा, असे सौ.चे मत पडले.

जूनमध्ये शेवटाचा वाढवलेला भाग फुकट वाटण्यात आला. सोबत्यांचे पुढे काय झाले ते त्यात कळले. चौथा मार्गही आला. तिन्ही नाकारायचे, मग मात्र यंत्रदैत्य जिंकतात.

आम्ही लिहिण्याचा व्यवसाय करतो. वाचकांनी ओरड केली म्हणून कथेचा शेवट बदलावा हे आम्हांला रुचत नाही, आणि तसे आम्ही बोललोही. कन्या म्हणाली, "बाबा, तुमचा वाचक वाचतो. मी निर्णय घेतले होते. एकाला वाचवून दुसरीला मागे ठेवलं होतं. ते कुणीतरी लक्षात ठेवायला नको?" आम्हांला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

२०१७ साली 'अँड्रोमेडा' आला. सहाशे वर्षांनंतरची गोष्ट, दुसरीच दीर्घिका. तीन भागांच्या चोपडीतले त्याने एवढेच विचारले, की तुमचा शेपर्ड पुरुष होता की बाई! पुढे ७ नोव्हेंबर २०२० रोजी नव्या मास इफेक्टची घोषणा झाली. ७ नोव्हेंबर हा या मंडळींचा सण. शेपर्डच्या चिलखतावरच्या 'एन सेव्हन' या खुणेवरून तो पाळतात. २०१८ साली नेमके त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते आणि कन्येने एक पणती जादा का लावली याचा उलगडा आम्हांला आता झाला. घोषणेनंतर महिनाभराने एक लहानसे चित्रण दाखवले गेले. जुनी सोबतीण लियारा बर्फाच्या चढावर चिलखताचा तुकडा उचलते, बस्स. तेवढ्यावर हे लोक आस धरून बसले आहेत. खेळ काही अजून आलेला नाही.

"नव्या खेळाला ही जुनी फाईल वाचता येणार नाही," भाचा समजुतीने म्हणाला. "फार तर सुरुवातीला चार प्रश्न विचारतील."

"विचारू देत. उत्तरं मी यात बघून देईन."

सौ. इतका वेळ पणत्या पुसत होत्या. त्यांनी विचारले, "ते एकाला वाचवलंस म्हणालीस, तो कोण?"

"कैदन. व्हर्मायर नावाच्या ग्रहावर. दोघांपैकी एकालाच आणता येत होतं."

"आणि मागे राहिली ती?"

"अॅश्ली. तिला धाकट्या बहिणी होत्या, आई."

सौ. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, कपाटातून जुनी पण धुतलेली चादर काढली, संगणकाला नीट गुंडाळली आणि भाच्याला म्हणाल्या, "शिडी धर रे. आणि मागच्या बाजूला ठेव, तिकडे गळत नाही."