ओटे मोडा, कमानी उभारा

जुन्नरविषयी लिहायला बसलेला माणूस हटकून शिवनेरीवरून खाली उतरतो. शिवजन्माचे १६३० साल, मग लेण्याद्री, नाणेघाट, १४९० साली इथेच सुरू झालेली निजामशाही, ओझरचा विघ्नहर आणि पाने उरलीच तर हबशी घुमट. एवढे झाले की लेख संपतो. या सगळ्या थोर दगडांच्या मध्ये एक गाव आहे, त्यात माणसे राहतात, त्यांची घरे पडतात आणि पुन्हा बांधली जातात, याचा त्या लेखकाला पत्ताही नसतो. मी गल्लीतला माणूस. गडाखालच्या पेठांतून रोज दोन वेळा चालत जातो, आणि चालताना जे दिसते त्याबद्दल आज थोडे भांडणार आहे.

दिसते ते असे. सदाबाजारातून कल्याण पेठेकडे जा, शंकरपुऱ्यात शिरा, नाही तर तिकडे आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या किंवा मंचरच्या जुन्या आळीतून फिरा. जिथे जिथे जुने घर पडले आणि नवे उभे राहिले, तिथे तिथे एक वस्तू परत आलेली नाही. दारे आली. पूर्वी नव्हते ते संडास आणि न्हाणीघर आले, आणि ते आले हे फार बरे झाले. गच्ची आली, गच्चीवर पाण्याची काळी टाकी आली. ओटा मात्र आला नाही.

ओटा म्हणजे काय, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगण्याची पाळी यावी हेच मुळी दुर्दैव. पण मुंबई-पुण्याच्या सदनिकांत वाढलेल्या पिढीला ओटा म्हटला की स्वयंपाकाचा आठवतो, म्हणून सांगतो. घराचे जोते रस्त्याच्या बाजूला दोन-तीन हात पुढे आणलेले, वर फरशी नाही तर घडीव दगड, डोक्यावर पागोळ्या अंगावर पडू नयेत इतपत पुढे आलेली पडवीची कौले. जागा घरमालकाची, उपयोग येणाऱ्याजाणाऱ्याचा. सातबारा एकाचा आणि बसणार दुसरा, अशी व्यवस्था कायद्याने कधी होत नाही. ती आमच्या गवंड्यांनी केली होती.

आता त्या जागी लोखंडी शटर आहे. शटर थेट रस्त्याच्या कडेला उतरते आणि त्याच्या पुढे मोटारसायकल उभी असते. शटर नसेल तिथे मोटारीसाठी उतार केलेला असतो, तोही रस्त्यात चार बोटे घुसलेला. जुने घर आपल्यातले दोन हात रस्त्याला देत होते, नवे घर रस्त्यातले दोन हात घेते. साऱ्या बदलाचा हिशेब एवढ्या एका वाक्यात मांडता येतो.

आणि जिथे घर पडले नाही, तिथे ओटा रस्त्याने गिळला. ही गंमत फार कमी लोकांच्या लक्षात येते. रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे जुना खणून काढायचा, मग नवा घालायचा, ही रीत केव्हाच सुटली. जुन्या थरावर नवा थर. आधी खडी, तिच्यावर डांबर, डांबरावर सिमेंट काँक्रीट, आणि पुन्हा काही वर्षांनी त्यावर आणखी काही. प्रत्येक थराबरोबर घराची एक पायरी जमिनीत जाते. ज्या ओट्यावर चढायला तीन पायऱ्या लागत, तो आज रस्त्याच्या पातळीला आला आहे. पहिला वळीव झाला की रस्त्यावरचे पाणी उंबरा ओलांडून सोप्यात शिरते. मग घरमालक वैतागतो, म्हणतो, “पाडा हे जुनाट घर.” ते घर जुनाट झाले म्हणून पडले अशी नोंद होते. ते बुडवले गेले असे कोणी म्हणत नाही.

आता इथे वारसाप्रेमी मंडळी टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांच्याशी आधी हिशेब मिटवतो. पुण्याहून कॅमेरा गळ्यात अडकवून येणारे हे गृहस्थ आमच्या सागवानी खांबांवरची कमळे पाहून गहिवरतात. मातीच्या भिंती कशा थंड, कौले कशी श्वास घेतात, पांढऱ्या मातीचे धाबे म्हणजे काय विचारता! अहो, ते धाबे दर पावसाळ्यापूर्वी चोपायला माणूस कुठून आणायचा? सागाचा वासा कोणत्या भावाने पडतो? जमीन शेणाने कोण सारवायची? ज्या बाईने तीस वर्षे आठवड्यातून दोनदा गुडघ्यांवर बसून ती जमीन सारवली, तिच्यापुढे शहाबादी फरशीची निंदा करून दाखवा. ती काय उत्तर देईल ते छापण्याजोगे नसेल.

माळीणचे घ्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे इथे नवे गाव वसवले, २०१७ साली लोकांना पक्की घरे मिळाली. त्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचल्याच्या बातम्या आल्या तेव्हा त्या माणसांच्या पोटात काय कालवले असेल याची कल्पना करा. त्यांच्यापुढे जाऊन मातीच्या भिंतीचे सौंदर्य वर्णन करण्याइतके निबर काळीज माझ्यापाशी नाही. स्लॅब घालायचा तर खुशाल घाला. माझे भांडण स्लॅबशी नाहीच. स्लॅबच्या घराला ओटा ठेवता येत नाही असे कोणत्या इंजिनियरने सांगितले, एवढेच मी विचारतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो घेणाऱ्यांचा मला आदर वाटतो. ते म्हणतात, तुमच्या ओट्याचे गोडवे पुरे. त्या ओट्यावर कोण बसत होते ते सांगा. खरे आहे. ओटा सगळ्यांचा नव्हता. ब्राह्मणवाड्याच्या ओट्यावर महाराला पाय ठेवता येत नव्हता. तो खाली, रस्त्यात, उन्हात उभा राहून जोहार घालत होता. मांगाला ओटा नव्हता, चांभाराला नव्हता. आणि बायका? त्या उंबऱ्याच्या आत. ओट्यावर पानाचा डबा उघडून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या त्या पुरुषांनी. या ओट्यांवर माणसाला माणूस मानायचे नाही याचे धडे पिढ्यान् पिढ्या दिले गेले. हे झाकून ओट्याची आरती ओवाळणारा लेख मला लिहायचा नाही.

पण मग उपाय कोणता होता? ज्याला ओट्यावर बसू दिले नाही त्याला हात धरून ओट्यावर बसवायचे, की ओटाच मोडून सगळ्यांना उभे ठेवायचे? आपण दुसरे केले आणि त्याला सुधारणा म्हणालो. ज्या काळात कायद्याने आणि चळवळीने तो ओटा सर्वांना खुला होऊ लागला, नेमक्या त्याच काळात तो नाहीसा झाला. हा योगायोग असेलही. मला तो फार सोयीचा योगायोग वाटतो.

आणि उभे कोण राहते ते बाजारच्या दिवशी पाहावे. घाटघर, अंजनावळे या बाजूंनी महादेव कोळी बायका सकाळच्या एस.टी.ने उतरतात. हंगामाप्रमाणे पाटीत करवंदे, जांभळे, पावसाळी रानभाज्या. बरोबर वाळवलेल्या हिरड्याचे गाठोडे. व्यापाऱ्याकडे हिरडा घातला, मीठमिरची घेतली, की परतीच्या गाडीला दोन-तीन तास असतात. ते दोन-तीन तास पूर्वी कोणाच्या तरी ओट्यावर जात, भाकरी सोडली जाई, आतून पाण्याचा तांब्या येई. प्रत्येक ओट्यावर येई असे नाही, हे वर सांगितलेच. पण काही ओटे तरी ठरलेले होते. आता त्या शटरच्या कडेला, मोटारसायकलींच्या मधल्या फटीत उभ्या असतात, दुकानदार “बाजूला व्हा” म्हणाला की पुढच्या शटरपाशी जातात. गावात ज्यांचे घर आहे त्यांचे ओट्यावाचून काही अडत नाही. त्यांच्या घरात सोफा आहे. अडते ते ज्यांचे गावात घर नाही त्यांचे. म्हणूनच ओटा गेल्याची तक्रार कोणत्याही सभेत आली नाही.

मळ्यातल्या बंगल्यांना मी या भांडणातून वगळतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालवे वाहिले, ऊस आला, द्राक्षे आली, आणि गावठाणातला शेतकरी बिऱ्हाड उचलून आपल्या रानात राहायला गेला. उसाबरोबर बिबट्याही आला. तो आता इतका आमच्यातला झाला आहे की माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे. जिथे दिवस कलला की पोराला अंगणात सोडता येत नाही, तिथे भिंतीवर तारेचे कुंपण घालणाऱ्याला मी उघड्या ओट्याचे महत्त्व सांगणार नाही. धरणाने एकाला बंगला दिला आणि दुसऱ्याचे गावच नेले, हेही ओघाने आले. आंबेगाव तालुका आहे, पण ज्या आंबेगावावरून त्याला नाव पडले ते गाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी जोती उघडी पडतात. तालुक्याची कचेरी घोडेगावला, नाव पाण्यात. विस्थापितांना घराचे मोल मिळाले असेल नसेल. ओट्याचे मोल कोणत्या रकान्यात लिहिणार?

असो. ओटे गेले त्या जागी आम्ही काय उभे केले? कमानी. नारायणगावापासून भीमाशंकरच्या वाटेपर्यंत कोणत्याही फाट्यावर वळा, स्वागताची कमान आडवी येते. सिमेंटचे बुरूज, सिमेंटचे हत्ती, सोनेरी रंग, वर गावाचे नाव आणि दोन्ही खांबांवर ज्यांच्या कृपेने ती झाली त्यांची नावे, पदांसहित. जुन्नर २०१८ साली विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, जुलै २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंद आम्हालाही आहे. संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरांत नवे बांधकाम करायचे नाही असा कडक कायदा २०१० पासून आहे, तोही असावा. पण या साऱ्यातून गावाने जो अर्थ घेतला तो असा, की गावाने गडासारखे दिसावे. खरे घर पाडून त्याच्या तोंडावर खोटा दरवाजा लावायचा, की पाहुणा खूश. पाहुणा कमानीखालून मोटार काढतो, छायाचित्र घेतो आणि निघून जातो. त्या कमानीच्या सावलीत बसायला एक दगडसुद्धा ठेवलेला नसतो.

ज्यांना परंपराच हवी आहे त्यांनी एकदा नाणेघाटात जाऊन यावे. रांजण पाहून परतू नये, घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत जावे. कोकणातून, कल्याणच्या बंदराकडून माल घेऊन चढणाऱ्यांच्या या वाटेवर सातवाहनांनी ती खोदवली. भिंतींवर राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची लांबलचक यादी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर त्यांची नावे कोरलेली आहेत, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, मधला राजा नाहीसा झाला आहे. आणि त्याच गुहेत भिंतींच्या कडेने तिन्ही बाजूंना दगडात कोरलेला बाक आहे. ओटाच तो. तो दोन हजार वर्षे जागचा हललेला नाही. घाट चढून आलेला माणूस आजही त्यावर टेकतो, पाणी पितो, आणि मग भिंतीकडे पाहतो.

शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत तर परदेशी माणसांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने तिथे पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. नावे त्यांनीही कोरली, ती हौस जुनीच आहे. पण आधी पाणी दिले, जेवायला जागा दिली आणि मग नाव घातले. आमच्या कमानीवर नाव आहे, आणि खाली काय आहे? वाहनांनी सावकाश जावे अशी सूचना.

मला गावाकडून फार थोडे हवे आहे. नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतींनी रस्त्याचा नवा थर घालण्यापूर्वी जुना खरवडून काढावा, म्हणजे उरलेली घरे तरी बुडणार नाहीत. पेठेतल्या रस्त्यालगत नवी इमारत बांधणाऱ्याकडून दर्शनी बाजूस दोन हातांचा ओटा, वर छप्पर घालून, मागून घ्यावा, आणि तो त्याच्या क्षेत्रफळात धरू नये. बाजारपेठेत आणि एस.टी. स्थानकाच्या आसपास पंचायतीच्या पैशाने लांब ओटे बांधावेत, शेजारी पाण्याचा नळ, आणि तिथे कोणी बसावे याविषयी एक अक्षरही लिहू नये. पैसे नाहीत हे उत्तर मी आधीच ऐकून ठेवले आहे. एका कमानीला जेवढा दगड, सळई आणि सिमेंट लागते तेवढ्यात किती हात ओटा होतो, हे गावातला कोणताही गवंडी उभ्या उभ्या बोटांवर मोजून सांगेल. पुढच्या कमानीचा ठराव सभेपुढे येईल त्या दिवशी त्याला बोलवा.