प्रबंधाची कदर



घरात कोणी एमबीबीएस झाले की सगळ्या मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. पीएच.डी. झाले, तर एखादे बुजुर्ग हमखास विचारतात, "मग दवाखाना कुठे टाकणार?" यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही आहे. चार-पाच वर्षे एकाच प्रश्नामागे लागलेल्या मुलाने किंवा मुलीने नेमके काय केले, हे घरच्यांना कळत नाही. जे कळत नाही, त्याची कदरही होत नाही.

ही कदर कशी करावी, याचा एक नमुना आज पाहू. अमेरिकेत 'इन्फॉर्म्स' नावाची ऑपरेशन्स रिसर्चच्या अभ्यासकांची मोठी संस्था आहे. तिच्यात विमान वाहतुकीचा एक वेगळा विभाग आहे. या क्षेत्रातल्या उत्कृष्ट पीएच.डी. प्रबंधाला हा विभाग पारितोषिक देतो. इनाम मिळते ते नुकतेच शिक्षण संपवलेल्या तरुण संशोधकाला आणि त्याचे काम वाचतात ते याच विषयातले जाणकार.

आता ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे काय? शस्त्रक्रियेशी त्याचा काही संबंध नाही. साधने मोजकी, कामे अनेक आणि नियम कडक असतील, तेव्हा सर्वांत चांगला निर्णय कोणता, हे गणिताने शोधण्याची ही विद्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये रडारचा उपयोग आणि जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण अशा प्रश्नांवर शास्त्रज्ञांना बसवले गेले, तिथे ती वाढली. विमानांशी तिचे नाते जुने आहे. जॉर्ज डँटझिग यांनी १९४६ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन हवाई दलाच्या नियोजनाचे काम करताना 'सिम्प्लेक्स' ही हिशेबाची रीत शोधली. आजही जगभर ती वापरात आहे. त्यांच्या नावाने इन्फॉर्म्स दुसरे एक पारितोषिक देते. त्याची कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्रबंध नवा विचार मांडणारा हवा आणि प्रत्यक्ष कामात उपयोगी पडणाराही हवा.

एक प्रबंध किती दूर पोहोचतो, ते आपल्या रोजच्या अनुभवातून पाहू. दुबईला किंवा मस्कतला निघालेल्या घरच्या माणसाचे तिकीट काढताना सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. शेजारच्या सीटवर बसलेल्याने निम्मे पैसे दिलेले असतात. यामागे एक साधा नियम आहे. ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीमधील केनेथ लिटलवुड यांनी तो १९७२ मध्ये मांडला.

समजा, एक सीट उरली आहे. आज एक गिऱ्हाईक ६,००० रुपये द्यायला तयार आहे. उद्या घाईचा प्रवासी आला, तर तो १५,००० देईल, पण तो येईलच असे नाही. तो येण्याची शक्यता तीनांत एक असेल, तर उद्याच्या आशेची किंमत ५,००० होते. म्हणून आजच विकावी. शक्यता निम्मी असेल, तर ती किंमत ७,५०० होते. म्हणून सीट राखून ठेवावी.

हा नियम दोन भावांपुरता होता. खऱ्या विमानात भाव दहा-बारा असतात. एवढ्या भावांमध्ये सीटा कशा वाटायच्या, याची सहज वापरता येईल अशी रीत पीटर बेलोबाबा यांनी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९८७ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात दिली. पुढे अनेक विमान कंपन्यांनी ती स्वीकारली. एका विद्यार्थ्याचे काम असे कोट्यवधी प्रवाशांच्या खिशापर्यंत पोहोचले.

यात फायदा कंपनीचा, प्रवाशाचा काय, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण या विषयातले बरेचसे काम भाड्याचे नाही, वेळेचे आणि सुरक्षेचे आहे. धुके किंवा पावसामुळे एखाद्या विमानतळावर विमाने कमी वेगाने उतरू लागली, तर निघालेल्या विमानांनी आकाशात घिरट्या घालण्यापेक्षा आधीच्या विमानतळावर जमिनीवरच थांबणे बरे. इंधन वाचते, धोकाही कमी होतो. पण कोणत्या विमानाने किती मिनिटे थांबायचे आणि कोणावरही अन्याय कसा होऊ द्यायचा नाही? एमआयटीचे अमेडिओ ओडोनी यांनी १९८७ मध्ये या प्रश्नाला गणिताचे रूप दिले. मग अनेक विद्यार्थ्यांनी त्यावर काम केले. आपल्या मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे दर मिनिटाला काय मोल असते, हे वेगळे सांगायला नको.

हे काम नीट झाले की कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडले की सगळ्यांना कळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. आठवड्याची सलग विश्रांती आधीच ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती. आता रात्री विमान उतरवण्याची मर्यादा आठवड्याला सहावरून दोनवर आली. थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान नसावे, हा हेतू योग्यच. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने रद्द होऊ लागली. ५ डिसेंबर या एका दिवशी हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. नियोजनात उणिवा राहिल्या, हे कंपनीनेही मान्य केले. लग्नाला, परीक्षेला, इलाजासाठी निघालेली माणसे विमानतळावर अडकली. कोणता वैमानिक कोणत्या विमानावर, किती तास आणि विश्रांती कुठे, हे जुळवणे ऑपरेशन्स रिसर्चच्या जुन्या आणि अवघड प्रश्नांपैकी एक आहे.

म्हणून अशा पारितोषिकाचे मोल रकमेत नसते. न दिसणाऱ्या मेहनतीला ते चारचौघांत उभे करते. तरुण संशोधकाला नोकरीच्या दारात ओळख मिळते आणि मागून येणाऱ्यांना कळते की चांगले काम कशाला म्हणतात.

आपल्या मुलांना ही वाट बंद नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत या विषयाचा विभाग आहे आणि तिथे पीएच.डी. करता येते. इंजिनिअरिंगबरोबर गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलेल्यांनाही या विषयात जागा आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे नेटची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच करणे अधिक जरुरीचे झाले आहे.

पैशाइतकीच गरज असते घरच्या सब्राची. मुलगी संशोधन करत असेल, तर "अजून किती वर्षे?" हा सवाल तिला भावापेक्षा जास्त वेळा ऐकावा लागतो. त्याऐवजी तिला तीन सवाल विचारून पाहा. तुझा प्रश्न कोणता आहे? आजवर तो का सुटला नाही? सुटला तर कोणाचे काम सोपे होईल? पारितोषिकासाठी प्रबंध वाचणारे जाणकारही थोडेफार हेच पाहतात. उत्तर सगळे समजले नाही तरी चालेल. तिची मेहनत घरात कोणीतरी ऐकून घेतली, ही तिच्या प्रबंधाची पहिली कदर. ती करायला कोणत्याही समितीची वाट पाहावी लागत नाही.