कायदा लांडग्याचा, माळ कोणाचा?

पुणे - कायद्याने वाघाच्या पंक्तीत बसविलेला लांडगा राज्यात राहतो तो मात्र बहुतांशी अभयारण्यांच्या बाहेर. सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर, करमाळा हा गवताळ माळांचा पट्टा त्याचे हक्काचे घर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लांडग्याचे नाव आहे. त्याचे घर मात्र सरकारी दप्तरात अनेक ठिकाणी 'पडीक' म्हणून नोंदले गेले आहे.

पडीक जमीन म्हटली, की ती उपयोगात आणण्याची घाई होते. कोठे औद्योगिक वसाहत, कोठे बंगल्यांचे भूखंड, तर कोठे पाणी पोचताच ऊस. वन खात्यानेही वर्षानुवर्षे गवताळ माळांवर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली. हेतू चांगला असेल. पण गवत गेले, की चिंकारा व ससे कमी होतात आणि लांडग्याला शेळ्या-मेंढ्यांवाचून पर्याय उरत नाही. बिबट्याने उसाशी जुळवून घेतले. लांडग्याला मोकळा माळच लागतो.

त्याची खरी गाठ आहे ती धनगरांशी. लांडगा कळपामागून फिरतो, हे मेंढपाळांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. रात्री मेंढ्या जाळीच्या वाघरीत कोंडायच्या, भोवती कुत्री ठेवायची आणि तरीही एखादे कोकरू गेले, तर तो लांडग्याचा वाटा समजायचा, अशी अनेकांची रीत. लांडगा टिकला त्यात या सोशिकतेचा वाटा कायद्याहून कमी नाही.

शासनाची भरपाई आहे. पण त्यासाठी ४८ तासांत खबर द्यावी लागते, मृत जनावर जागेवरून हलवायचे नसते आणि पंचनामा व्हावा लागतो. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, दाखवायचे काय? शिवाय वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेलेला असतो. स्थिर गोठा गृहीत धरणारा नियम फिरत्या मेंढपाळाच्या कामाचा नाही.

देशात लांडगे सुमारे तीन हजार असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेनुसार वाघ सरासरी ३,६८२ होते. त्यात भटक्या कुत्र्यांची भर पडली आहे. त्यांच्यापासून रेबीज व डिस्टेंपरचा धोका असतोच. २०२३ मध्ये पुणे परिसरातील एक प्राणी लांडगा व कुत्र्याचा संकर असल्याचे जनुकीय तपासणीत निष्पन्न झाले.

उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४ मध्ये हल्ल्यांत लहान मुले दगावली आणि लांडग्याविषयीची भीती देशभर पसरली. तेथील उसाचा, नदीकाठचा दाट वस्तीचा मुलूख आणि दख्खनचा माळ यांत मोठा फरक आहे. येथे तंटा आहे तो मुख्यतः मेंढरांचा. त्यावर तोडगा निघू शकतो. मात्र भरपाईचा नियम मेंढपाळाच्या वाटेने आखावा लागेल आणि माळावरचा 'पडीक' हा शिक्का महसूल व वन या दोन्ही खात्यांना पुसावा लागेल.