विवरात उतरण्याआधी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण खाऱ्या पाण्याच्या काठचं जुनं गाव आहे: लोणार. तिथलं विवर आणि त्यातलं खारं तळं पाहायला आलेल्यांचे हाल झाले की ‘चौकशी करून यायला नको होतं का?’ असं आपण सहज म्हणतो. मला हे पटत नाही. खाली उतरायचं की नाही हे माणूस विवराच्या काठावर उभा राहून ठरवतो. आवश्यक ती माहिती त्याला तिथेच, त्याच क्षणी मिळायला हवी.

१. काठावरून खोली कळत नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १३७ मीटर, म्हणजे चाळीसहून अधिक मजल्यांची इमारत. वरून मात्र तळं अगदी जवळ भासतं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मावशीला घेऊन मी गेले होते. ‘हे काय, इथंच तर आहे गं,’ म्हणत ती निघाली आणि झाडीतून, देवळं पाहत, तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत आनंदाने पोचली. परतीच्या चढावर तिचे गुडघे थांबले. बाटलीतलं पाणी संपलेलं, फोनला रेंज नाही. गावातली दोन पोरं त्याच वाटेने वर चालली होती. त्यांनी आधार दिला, दर वळणावर बसवलं, ‘आजी, घाई नाही’ म्हणत वर आणलं. ती पोरं भेटली म्हणून निभावलं. सगळ्यांनाच ती भेटतील असं नाही. उतार सुरू होतो तिथे ठळक मराठीत लिहिलेलं असावं: चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा, गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर वरूनच पाहा.

२. खाली एवढं पाणी, पण पिण्याजोगं नाही. तळ्याचा सामू १०च्या आसपास आहे. काठचा खारा चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की आत ओढतो. मुलं धावतात ती नेमकी तिकडेच. गोड पाणी आहे ते वर, ‘धार’ नावाच्या झऱ्याच्या गोमुखाशी. माणशी किती पाणी बरोबर घ्यावं आणि काठापासून किती अंतर राखावं, एवढं सांगायला खर्च तो काय येणार?

३. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जिल्ह्यात येणाऱ्यांचं वेळापत्रक बदललं. आता माणसं सकाळी निघतात, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहतात, लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी थांबतात आणि भर दुपारी लोणारला पोचतात. एप्रिल-मे महिन्यात विवरात उतरायची ही सर्वांत वाईट वेळ. उन्हाळ्यात आधी पहाटे लोणार, मग सिंदखेडराजा, असा उलटा क्रम महामार्गावरून उतरतानाच फलकावर दिसला पाहिजे. दुपारी पोचलेल्यांना दैत्यसूदन मंदिराकडे पाठवावं. गावातच आहे, चढ नाही, दगडी सावली आहे आणि त्यातलं कोरीवकाम तासभर पाहण्यासारखं आहे.

४. विवर अभयारण्य आहे, म्हणून ते वन खात्याकडे. दैत्यसूदन पुरातत्त्व खात्याकडे. गावचे रस्ते, दिवे, शौचालयं नगरपरिषदेची. बस एसटीची. प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. पाहुणा मात्र दिवसभरात या सगळ्या हद्दी ओलांडतो. चौघांनी मिळून एक पानी पत्रक काढावं. त्यात नकाशा, वेळा, शेवटची बस, दवाखाना आणि मदतीचा एक क्रमांक असावा. हे पत्रक बसस्थानकावर, लॉजवर, चहाच्या टपरीवरही मिळावं.

५. नमुना शोधायला जिल्ह्याबाहेर जायला नको. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला चपला कुठे ठेवायच्या इथपासून प्रसाद कुठे घ्यायचा इथपर्यंत सेवेकरी हात जोडून सांगतात. लोणारच्या तरुणांना हेच काम रीतसर मानधनावर द्यावं.

६. सोयी वाढल्या की गर्दी वाढेल आणि विवराचं नुकसान होईल, ही भीती रास्त आहे. २०२० साली, पाणी घटून खारेपणा वाढल्यावर, सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं. तोल किती नाजूक आहे ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. म्हणूनच मी सिमेंटच्या पायऱ्या, रोपवे, आत उपाहारगृहं मागत नाही. फलक हवेत, माणसं हवीत, एक स्ट्रेचर हवं आणि उतरायला शेवटची वेळ ठरलेली हवी. ज्याला माहिती आहे तो वाट सोडून भलतीकडे उतरत नाही, त्यामुळे झाडीही वाचते.

७. हे फक्त बाहेरच्यांसाठी नाही. नवरात्रात पंचक्रोशीतल्या बाया लेकरं घेऊन कमळजेच्या यात्रेला खाली उतरतात. पावसाने वाट तेव्हा निसरडी असते. निदान फलक आणि स्ट्रेचर येत्या घटस्थापनेच्या आत जागेवर असावेत.